काळी मोजली, पांढरी राहिली
वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त भूकरमापकाची उत्तरं

मागच्या अंकात मी ओसाड पडलेल्या दगडी घरांच्या मोजणीविषयी थोडं लिहिलं होतं. त्यावर सोलापूर जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतोय. पहिल्या उत्तराला जागा जास्त लागली, कारण ते गाव आणि माझं गाव एकाच पाण्याखाली आहे.

प्रश्न : आमचं मूळ गाव करमाळा तालुक्यातलं, उजनी धरणात गेलेलं. धरण वजा झालं की जुन्या गावठाणातल्या भिंती उघड्या पडतात. आम्ही चार मित्र कॉलेजात शिकतो. येत्या उन्हाळ्यात त्या गावाचा नकाशा करावा असं मनात आहे. ड्रोन नाही, मशीन नाही. जमेल का आणि सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थी, करमाळा

जमेल. तुम्ही चौघं आहात, तीस मीटरचा एक टेप मिळेल, बाकी सगळं घरात सापडतं.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे हे काम का करायचं ते कळेल. आपल्याकडे जमिनीची शास्त्रशुद्ध मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू केली. म्हणजे तुमच्या गावासमोर, भीमेच्या पलीकडच्या काठावर. त्यांनी मोजली ती काळी, म्हणजे शेतजमीन, कारण शेतसारा तिच्यावर होता. पांढरी, म्हणजे जिथे माणसं राहतात ते गावठाण, नकाशावर एकच मोठा ठिपका म्हणून दाखवलं गेलं. आत कुणाचं घर कुठे, बोळ कुठला, आड कुठला, काही नाही. २०२० साली स्वामित्व योजना आली, तेव्हा कुठे ड्रोनने गावठाणातली घरं मोजायला सुरुवात झाली. पण जी गावठाणं १९८० च्या आधीच पाण्यात गेली त्यांच्यावर ड्रोन कशाला फिरेल? मी चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात नोकरी केली. शंकू साखळी ओढली, फलक यंत्रावर बसलो, शेवटी शेवटी मशीनही शिकलो. हजारो बांध मोजले. माझं स्वतःचं जन्माचं घर मात्र कुठल्याही कागदावर नव्हतं.

ते मी मोजलं २०१९ च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी उजनी वजा पन्नासच्याही खाली गेली होती. वजा म्हणजे काय ते नव्या पिढीला नीट माहीत नसतं म्हणून सांगतो. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, आणि त्याच्या खाली साधारण ६३ टीएमसीचा मृतसाठा. उपयुक्त साठा संपला की शून्य टक्के. पुढे मृतसाठ्यातलं पाणी उपसलं जातं, ते वजा टक्क्यांत मोजतात. वजा पन्नास म्हणजे उपयुक्त साठ्याच्या निम्म्याइतकं पाणी मृतसाठ्यातून गेलेलं. तुमचं गाव नेमकं किती वजाला उघडं पडतं हे गावातल्या मासेमाऱ्यांना तोंडपाठ असतं. त्यांना विचारा आणि तयारीत राहा, कारण हातात दिवस थोडे असतात. वळवाचा एखादा मोठा पाऊस पडून घाट-माथ्यावर मृग लागला की खेळ संपला.

मी आणि माझा पुतण्या, दोघांनी चार दिवस घर मोजलं. भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या. गाव उठताना लोकांनी तुळया, खांब, दारं, चौकटी काढून नेल्या, त्या पुनर्वसित गावठाणात लागल्या. उरलेल्या भिंतींतली माती लाटांनी धुऊन नेली. पण तळखडे, म्हणजे खांबाखालचे घडीव दगड, जागच्या जागी होते. त्यांच्यावरून खण, म्हणजे दोन खांबांमधले गाळे, मोजता आले. आमचं घर बारा खणांचं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

घरी येऊन नकाशा काढला आणि आईपुढे ठेवला. आईला अक्षर येत नव्हतं, वय ब्याऐंशी. मी सांगितलं, आई, ही ओसरी, हे माजघर, ही मधली भिंत, हा गोठा. तिनं बराच वेळ कागदावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही भित काय खरी न्हाई. मी लगीन होऊन आले तवा ही भित नव्हती. तुझ्या चुलत्याची न आमची वाटणी झाली, तवा घातली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेलो. जिथे ती मधली भिंत मोठ्या भिंतीला मिळते तिथे बसून गाळ हातानं बाजूला केला. सांधा पायापासून वरपर्यंत सरळ, सुरीनं कापल्यासारखा. एकाही दगडाची जीभ दुसऱ्या भिंतीत गेलेली नव्हती. दोन भिंती एकाच वेळी बांधल्या तर गवंडी कोपऱ्यावर दगडात दगड गुंतवतो, एक थर इकडून, एक थर तिकडून. मागून घातलेली भिंत नुसती टेकते. चौतीस वर्षं मोजणी केलेल्या माणसाला ते दिसलं नव्हतं, घरात भाकऱ्या भाजलेल्या बाईला आठवत होतं.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं हे, की टेप विकत घ्यायच्या आधी तुमच्या आज्ज्यांना, आत्यांना, चुलत्यांना भेटा. आणि मोजून झाल्यावर नकाशा घेऊन परत त्यांच्याकडे जा. ती दुसरी भेट जास्त महत्त्वाची. रिकाम्या कागदावर माणसाला आठवत नाही, चुकीच्या नकाशावर लगेच आठवतं.

आता प्रत्यक्ष मोजणी. गावातला एखादा सरळ बोळ किंवा वेस ते देऊळ अशी रेषा धरा. दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, सुतळी ताणा. ही तुमची आधाररेषा. टेपचं शून्य एका खुंटीला धरलं की ते हलवायचं नाही. भिंत कुठे सुरू झाली, दार कुठे लागलं, दार कुठे संपलं, सगळी मापं त्याच शून्यापासून चढत्या क्रमानं वाचायची. नवशिकी पोरं काय करतात, भिंत मोजली की टेप उचलून दार मोजतात, मग पुन्हा उचलून पुढची भिंत. दर वेळी बोटभर चूक होते आणि बोळाच्या शेवटी तुमचं घर शेजाऱ्याच्या अंगणात जातं.

खोली मोजताना चार बाजू मोजून थांबू नका. चार बाजूंची आकृती चिरडली जाते, पत्र्याच्या डब्यासारखी. कर्ण मोजला की दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण हलत नाही. जुन्या घरात काटकोन जवळपास नसतोच, त्यामुळे कर्ण दोन्ही घ्या. भिंतीची जाडी दारापाशी मोजा, तिथे दोन्ही तोंडं दिसतात. एक सेंटीमीटरला एक मीटर हे प्रमाण गावासाठी ठीक, एका घरासाठी दोन सेंटीमीटरला एक मीटर घ्या. जे डोळ्यांना दिसतं ते पक्क्या रेघेनं, जे अंदाजानं आहे ते तुटक रेघेनं. ही शिस्त मोडू नका, नाहीतर दहा वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही की ती भिंत होती की तुमच्या मनात होती. मोबाईलचं जीपीएस गावाची जागा दाखवायला पुरतं. भिंतीसाठी नको, ते चार-पाच मीटरनं सहज चुकतं.

फोटोत मापाची काठी ठेवा. बांबूला दर वीस सेंटीमीटरवर तांबडा-पांढरा पट्टा मारला की झालं. फोटो सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर काढा. तिरप्या उन्हात जमिनीबरोबर झालेली भिंतसुद्धा सावलीनं उठून दिसते, दुपारी बाराला शेजारी उभं राहूनही दिसत नाही.

आणि जिवाला जपा. गाळ वरून वाळून तडकलेला दिसतो, खाली मऊ असतो, मांडीपर्यंत माणूस जातो. पुढच्या माणसाच्या हातात काठी हवी. होडीनं जायची वेळ आली तर जीवरक्षक जाकिटाशिवाय पाय ठेवू नका. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव ते कळाशी होडी उलटून सहा जण गेले, हे तुम्ही विसरला नसाल.

जागा जलसंपदा विभागाची आहे, त्यांच्या शाखा कार्यालयात एक अर्ज देऊन ठेवा. जमल्यास भूसंपादनाचा निवाडा मागा. घरांच्या भरपाईचा हिशेब त्यात असतो, आणि तुमच्या मापांशी तो ताडून बघता येतो.

प्रश्न : आमच्या शिवाराला लागून एक बेचिराख गाव आहे. टेकाडावर दगडांच्या रांगा आणि एक पडकं मारुतीचं देऊळ, एवढंच शिल्लक. घर कोणतं आणि गोठा कोणता हे कसं ओळखायचं? लोक तिथली माती ट्रॉलीनं नेतात, ते चालतं का?
— एक शेतकरी, मंगळवेढा तालुका

बेचिराख हा शब्द तुम्ही वापरलात त्याचं बरं वाटलं. महसुली दप्तरातला शब्द आहे. चिराग म्हणजे दिवा. जिथे एकही दिवा लागत नाही ते गाव बेचिराख. शिवार, गट नंबर, सातबारा सगळं जिवंत, फक्त माणूस नाही. दामाजीपंतांच्या मंगळवेढ्याला दुष्काळ काय करतो ते मी सांगायला नको. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६ नंतरचा प्लेग, या दोन्हींनी आपल्याकडची गावं रिकामी केली. प्लेगात लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले, त्यातले काही परतलेच नाहीत. पण तुमचं गाव कशानं उठलं हे दगड बघून ठरवू नका.

घर ओळखायचं ते दारावरून. जुन्या दारांना बिजागरी नव्हती, फळीची खालची खुंटी दगडातल्या खळग्यात फिरायची. उंबऱ्याशी बोटानं चाचपडलं की तो वाटीएवढा, घासून गुळगुळीत झालेला खळगा सापडतो. तो ज्या अंगाला आहे तिकडे दार उघडायचं. भिंत कमरेएवढी उरली असेल तर दाराच्या दोन्ही बाजूंना अडसराची भोकं बघा. एक हातभर खोल असतं, अख्खा अडसर त्यात सरकून बसायचा, समोरचं उथळ. ही भोकं ज्या बाजूला ती घराची आतली बाजू. आता तुम्हाला कळलं की माणूस कुठून आत यायचा आणि रात्री कुठल्या बाजूनं स्वतःला कोंडून घ्यायचा. गोठ्याला अडसर बहुधा नसतो. तिथे भिंतीत दावं बांधायला आरपार भोक पाडलेला दगड मिळतो, आणि फरसबंदी मोठ्या ओबडधोबड दगडांची असते. भिंतीत देवळ्या म्हणजे दिव्याचे कोनाडे असतील तर माणसांची खोली. कोनाड्याच्या वरच्या दगडावर काजळी अजून दिसते. मी ती बोटानं पुसून बघायचो. आता पुसत नाही आणि तुम्हीही पुसू नका.

भिंतींच्या आत पांढऱ्या मातीचा ढीग आणि आसपास कौलाचा तुकडा नाही, म्हणजे घर माळवदाचं, सपाट मातीच्या छपराचं. तुळया, त्यावर किलचा म्हणजे बारीक लाकडं, त्यावर पाला आणि वर पांढरी माती. तीच माती आता आत कोसळून पडली आहे.

मातीच्या ट्रॉलींविषयी मात्र स्पष्ट सांगतो. थांबवा. पांढरी माती म्हणजे शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती. शेताला खत म्हणून आणि माळवदावर टाकायला ती नेण्याची रीत जुनी आहे. तेव्हा पाटीनं जायची, आता यंत्रानं एका दुपारीत अर्धं टेकाड जातं. त्याबरोबर खापरं जातात, चुलीच्या जागा जातात आणि भिंतींचे पाये उघडे पडून पुढच्या पावसात ढासळतात. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, तहसीलदारांना अर्ज द्या. ते होईपर्यंत निदान मोजून ठेवा.

देवळाच्या दगडांना ऑइलपेंट लावू देऊ नका. आपल्याच जिल्ह्यात, दक्षिण सोलापूर तालुक्यात, हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी आयुष्यभर जिल्ह्यातली गावं पालथी घालून असे लेख नोंदवले. कपडे धुवायच्या दगडांवर आणि पायऱ्यांवरसुद्धा त्यांची नजर असायची. तुमच्या मारुतीच्या पायरीवर काय आहे ते एकदा तिरप्या उन्हात बघा.

प्रश्न : आमच्या पडक्या वाड्यात धन पुरलेलं आहे असं एका माणसानं सांगितलं. तो रात्री पूजा करून खणायचं म्हणतो. चुलते तयार आहेत. तुमचं मत काय?
— एक वाचक, माढा तालुका

खणू देऊ नका, आणि त्या माणसाला परत दारात उभं करू नका. धन मिळवून देतो म्हणून अघोरी पूजा करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. जमिनीत खरंच काही सापडलं तरी १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते.

मी असे खणलेले वाडे पाहिले आहेत. पहिला घाव देवघराखाली आणि दुसरा बळदाच्या तळाशी, हे ठरलेलं. बळद म्हणजे भिंतीच्या पोटात धान्य साठवायची जागा. तिचा तळ फोडला की भिंत आतून पोकळ होते. एका वाड्याची चांगली चौदा फूट उंच भिंत अशी एका पावसात बसलेली मी बघितली आहे. सापडलं काय होतं? जोंधळ्याचा काळा पडलेला कोंडा. चुलत्यांना हे पत्र वाचून दाखवा.

प्रश्न : माझं माहेर बार्शी तालुक्यात. वडिलांच्या मागे दगडी घर दहा वर्षं बंद आहे. माळवद एका बाजूनं बसलंय, भिंतीला पोट सुटलंय. भाऊ म्हणतात, पाडून घडीव दगड ब्रासनं विकू, नाहीतरी किल्लारीच्या भूकंपापासून दगडी घराचा कुणाला भरवसा आहे? मला ते पाडणं सहन होत नाही. काय करू?
— एक भगिनी, सध्या सोलापूर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

भावांची भीती खोटी नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन मिनिटं. अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून लोक झोपले होते. सोलापुरात आम्ही सगळे रस्त्यावर आलो होतो आणि उजाडल्यावर कळलं की किल्लारी, सास्तूर भागात गावंच्या गावं बसली. जवळपास दहा हजार माणसं गेली. पण ती घरं का बसली हे समजून घ्या. आपली दगडी भिंत दुतोंडी असते. बाहेरून एक तोंड, आतून एक तोंड, मध्ये दगडगोटे आणि मातीची भर. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड ठिकठिकाणी हवा. तो नसला की हादऱ्यात तोंडं दोन बाजूंना फाकतात. वर माळवद. दर वर्षी मृगाच्या आधी त्यावर नवी माती पडायची, जुनी कुणी काढायचं नाही, त्यामुळे पिढ्यान्पिढ्या ओझं वाढत जायचं. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला.

तुमच्या भिंतीला पोट सुटलंय याचा अर्थ माळवदातून पाणी भिंतीच्या भरीत उतरतंय आणि तोंडं फाकायला लागली आहेत. त्या खोलीत पाऊल टाकू नका, भावांनाही टाकू देऊ नका. बाहेरून बघा, आरपार दगड दिसतात का. लांबट दगडाचं नुसतं टोक भिंतीत डोकावतं, त्यावरून कळतं. ते असतील आणि भावांची तयारी असेल तर वरची माती उतरवून हलकं छप्पर घालता येतं. नसतील, किंवा पैसा नसेल, तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. घर पाडावं लागेल.

पण पाडायच्या आधी आठ दिवस मागून घ्या. भाऊ नाही म्हणणार नाहीत.

माझ्या हातून एकदा चूक झाली ती सांगतो. सीना काठच्या एका गावात असंच एक घर होतं, सोप्याच्या खांबांवर घोड्यांची नक्षी. मालकानं मला दिवाळीनंतर या म्हटलं, मीही घाई केली नाही. २०२० चा ऑक्टोबरचा पाऊस आला. दिवाळीनंतर गेलो तर दगड रचून ठेवलेले होते, ब्रास मोजून, गिऱ्हाईक ठरलेलं. मी त्या ढिगाजवळ टेप हातात घेऊन उभा होतो. मोजण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून आठ दिवस. सुरक्षित भाग आतून मोजा, बाकी बाहेरून. वर पहिल्या उत्तरात लिहिलंय त्याच रीतीनं, पण घर एकच असल्यामुळे दोन दिवसांत होईल. खांब पाडण्याआधी प्रत्येक तळखड्यावर खडूनं आकडा घाला आणि तोच आकडा नकाशावर लिहा. तळखडे, उंबरा आणि चौकटीची गणेशपट्टी विकू नका, त्यांना ब्रासमध्ये धरत नाहीत आणि भावांचंही त्यात मोठं नुकसान नाही. ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढा, त्यावर घराची नोंद वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावानं असेल, नकाशाला तो जोडून ठेवा.

मग तुमच्या आईला, त्या नसतील तर थोरल्या आत्यांना, त्या घरात बसता येईल तिथे बसवा आणि विचारा, जातं कुठे होतं, बाळंतिणीची खोली कुठली, पावसाळ्यात पाणी कुठे गळायचं. ते सगळं नकाशावर त्या त्या जागी, त्यांच्याच शब्दांत लिहा. उंबऱ्यावर विळ्याला धार लावून पडलेली खाच असेल तर तिची लांबी आणि खोलीसुद्धा घ्या. आमच्या उंबऱ्यावरची एक वीत चार बोटं होती.

नकाशा झाला की एक प्रत मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मापं तपासून, कुठे कर्ण राहिला असेल तर खूण करून मी पंधरा दिवसांत परत पाठवीन.